उतारावर धायटीच लाव

खानापूर, फाल्गुन

प्रिय सदा,
सप्रेम नमस्कार.

येळ्ळूरच्या घराला ड्युरांटाचं कुंपण करतोयस म्हणे. करू नकोस. अमेरिकेकडनं आलेलं ते झुडूप दर महिन्याला कातरत बसायचं आणि कातरलं की फूलच नाही. तुझी जागा उताराची, मुरमाड, वर दिवसभर ऊन. तिथं आपलं डोंगरातलं तांबड्या फुलांचं झुडूप, धायटी, लाव.

आत्ता जांबोटीवरनं कणकुंबीकडं जा आणि दरडी बघ की. पानं विरळ झालेल्या लांब फांद्या बुडापासून शेंड्यापर्यंत तांबड्या नळ्यांनी भरल्यात. त्या नळ्या पाकळ्या नव्हेत, तो निदलपुंज, म्हणजे फुलाचं पाकळ्यांबाहेरचं वेष्टन. पाकळ्या इवल्याशा, बघाव्या लागतात. बोंड धरलं तरी नळी गळत नाही, म्हणून झुडूप कितीतरी दिवस लालच दिसतं. बुडाशी मध, त्यामुळं शिंजीर, ते मध पिणारे इवले पक्षी, तिथनं हलत नाहीत. बाकीची बाग वाळत असते तेव्हा, जानेवारी ते एप्रिल, हा बहर! अशोकारिष्टाच्या बाटलीवर ‘धातकी’ वाचलं असशील. ती हीच. आसव-अरिष्टं, म्हणजे आयुर्वेदातली आंबवलेली औषधं, आंबवायला ही फुलं घालतात.

डोंगरातलं झुडूप मात्र उपटून आणू नकोस. खडकात शिरलेली मुळं तुटतात, ते जगत नाही आणि डोंगरही उजाड होतो. बोंडं वाळली की थोडी काढून आण. बी भुकटीसारखं बारीक असतं. चाळलेली माती आणि वाळू ओली करून वर नुसतं भुरभुराव, माती लोटू नकोस. झारीनं पाणी घातलंस तर सगळं वाहून जाईल. फवारा मार, नाहीतर ट्रे पाण्यात ठेवून खालून ओल दे. रोपं यंदा पिशवीत वाढव आणि पुढच्या मृगाला खड्ड्यात लाव. दोन रोपांत दीड-दोन मीटर सोड, फांद्या कमानीसारख्या पसरतात. शेणखत थोडंच पुरे. पहिले दोन उन्हाळे पाणी दे. पाणी साचणाऱ्या काळ्या रानात मात्र हिचं बरं चालत नाही.

छाटणीचं नीट लक्षात ठेव. फुलं जुन्या फांदीवर येतात. दिवाळीला माळ्यानं कात्री चालवली तर बहर गेलाच समज. फुलं संपल्यावर, पावसाच्या आधी छाट आणि बियांसाठी चार फांद्या राख.

उताराची लांबी मोजून कळव. त्या हिशेबानं मी इथं रोपं धरतो. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
विठ्ठल