क्लाउडच्या आधी वाफसा पाहा

संपादक महोदय,

शेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्यासाठीच्या राज्याच्या महाॲग्री-एआय धोरणाला जून २०२५ मध्ये मंजुरी मिळाल्यापासून मुंबईतल्या बैठकांत सेन्सर, क्लाउड आणि मोबाइलवरून चालणाऱ्या ठिबकाची चर्चा जोरात आहे. पडद्यावरचे आलेख सगळे पाहतात, प्रोबभोवतीची (सेन्सरच्या मातीत खुपसलेल्या टोकाभोवतीची) चार बोटे माती कुणी पाहत नाही. यंत्रणा फसते ती बहुधा तिथेच.

ओलावा मोजणारे स्वस्त सेन्सर बहुतेक कपॅसिटिव्ह असतात, म्हणजे भोवतालचा पदार्थ विद्युतभार किती साठवू देतो हे मोजतात. या गुणाचा आकडा, म्हणजे डायइलेक्ट्रिक स्थिरांक, पाण्याचा सुमारे ८०, कोरड्या मातीचा ३ ते ५, हवेचा १. या फरकावरून ते ओल ताडतात. काळी माती वाळली की आकसते, भेगाळते आणि प्रोबला फट पडते. मग सेन्सर हवाच मोजतो, ‘कोरडे’ असे कळवतो आणि क्लाउडवरचा नियम इमानेइतबारे व्हॉल्व्ह उघडतो. मुळाशी ओल असताना वर पाणी! उलट, ठिबकातून विद्राव्य खते सोडून मातीत क्षार वाढले की हाच सेन्सर आहे त्याहून जास्त ओल दाखवतो.

यावरचा उपाय खर्चिक नाही, वेळखाऊ आहे. ऑगरने (माती पोखरणाऱ्या गिरमिटाने) प्रोबच्या जाडीएवढेच भोक पाडावे, त्यातून निघालेल्या मातीचा पातळ चिखल करून भोकात ओतावा आणि मगच प्रोब बसवावा. पोकळी राहता कामा नये. ड्रिपरपासून वीतभर अंतरावर एक प्रोब मुळांच्या थरात, दुसरा त्याच्या खाली. खालचा आकडा प्रत्येक पाळीला उसळत असेल तर पाणी मुळांना चुकवून खाली चालले आहे. जमीन पूर्ण भिजवून वाफसा आल्यावर, म्हणजे जादा पाणी निचरून मातीत ओल आणि हवा दोन्ही असताना, जो आकडा दिसेल ती ओलीची वरची खूण. भारी जमिनीत वाफसा यायला तीन-चार दिवसही लागतात. त्याच वेळी शेजारची माती काढून वजन करावी, १०५ अंश सेल्सिअसला २४ तास ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा वजन करावी; घटलेले वजन म्हणजे खरी ओल. ओल उतरत जाईल तसे हे आणखी दोन-तीनदा केले की सेन्सरचा कोणता आकडा म्हणजे किती ओल, हा त्या शेताचा स्वतःचा तक्ता तयार होतो. कारखान्यातून आलेल्या तक्त्यावर काळ्या जमिनीत विसंबू नये.

क्लाउड नोंदींसाठी उत्तम. दर १५ मिनिटांनी २० बाइटची नोंद घेतली तर दिवसाच्या ९६ होतात, महिन्याचे ६० किलोबाइटही भरत नाहीत. म्हणजे रेंज गेली तरी आठवडाभराच्या नोंदी शेतातल्या कंट्रोलरमध्ये (व्हॉल्व्ह आणि पंप चालवणाऱ्या पेटीत) सहज मावतात. ‘नेटवर्क नव्हते, डेटा गेला’ ही सबब ऐकून घेऊ नये. खरा धोका आज्ञांचा आहे. संध्याकाळी निघालेली ‘पाणी सोडा’ ही आज्ञा वाटेत अडकते आणि पहाटे वीज व रेंज परतल्यावर, पाऊस पडून गेलेल्या शेतात अमलात येते. म्हणून प्रत्येक आज्ञेला मुदत हवी आणि पाणी जास्तीत जास्त किती मिनिटे चालेल ही मर्यादा कंट्रोलरमध्येच असावी. क्रमही तिथेच ठरावा: आधी व्हॉल्व्ह उघडायचा, मग पंप, थांबवताना आधी पंप. उलटे झाले तर बंद लाइनवर दाब चढून जोड निखळतात.

ठरावीक पाणी गेले की विजेचा एक ठोका, म्हणजे पल्स, देणारे साधे वॉटर मीटर तर कोणत्याही उपग्रहचित्रापेक्षा उपयोगी. व्हॉल्व्ह उघडा असून दोन मिनिटांत पल्स नाही, तर कोरडी मोटार जळण्याआधी पंप बंद करता येतो. व्हॉल्व्ह बंद असून पल्स येत असतील तर कुठेतरी गळती आहे किंवा उंदराने लॅटरल (ठिबकाची नळी) कुरतडली आहे.

अनुदानाच्या आणि निविदांच्या अटी मुंबईतच लिहिल्या जातात. त्यांत नुसती सेन्सरची संख्या नको. त्या-त्या शेतातले कॅलिब्रेशन (वर सांगितलेला तक्ता), तीन वर्षांचे सिम रिचार्ज आणि नोंदी एक्सेलमध्ये उघडतील अशा स्वरूपात उतरवून घेण्याची सोय यांचाही समावेश हवा. बॅटरीची पेटी सावलीत बसवणेही सक्तीचे करावे, कारण ४५ अंश सेल्सिअसच्या वर लिथियम सेल चार्ज करणे धोक्याचे असते आणि विदर्भातल्या मे महिन्यात उन्हातली पेटी तेवढी सहज तापते. आणि विक्रेत्याने उद्या सर्व्हर बंद केला तरी शेतातल्या बटणावर व्हॉल्व्ह चालला पाहिजे, ही अट पहिल्या पानावर असावी.

– एक वाचक, विक्रोळी, मुंबई