ऑपरेशनच्या आधी पायाचं माप घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात हत्तीरोगाच्या गोळ्यांच्या मोहिमेची बातमी होती, सोबत सुजलेल्या पायाचा फोटो, आणि आमच्या शेजारच्या काकू तो पेपर हातात घेऊन थेट माझ्या दुकानात, "तुझं पण हेच ना गं?" आता काय बोलणार. भंडारा-गोंदियाकडे पाय सुजलेला दिसला की तोंडात हाच शब्द येतो, काकूंची काही चूक नाही. मला तर एका डॉक्टरांनीसुद्धा आधी काय झालं होतं ते नीट न विचारता रात्रीचं रक्त तपासायला पाठवलं होतं, कारण हत्तीरोगाचे जंतू रात्रीच रक्तात फिरतात म्हणे. पण मला हत्तीरोग नाही. माझा पाय कॅन्सरच्या ऑपरेशननंतर सुजलाय, आणि याबद्दल कुठं काही छापून आलेलं मी वाचलं नाही म्हणून हे पत्र.

मी लेडीज टेलर. डाव्या तळपायाला काळा डाग होता, मी कुरूप समजून वर्षभर ब्लेडने खरवडत बसले (करू नका असं कधीच). मग जांघेत अवधाण आलं, म्हणजे गाठ सुजली. आमच्याकडे अवधाण म्हणजे पायाला काहीतरी लागलं असेल, बसेल आपोआप, पण ते बसलंच नाही. तुकडा काढून तपासला तर मेलॅनोमा, म्हणजे कातडीचा कॅन्सर. गोऱ्या लोकांना तो उन्हाने होतो असं ऐकलं होतं, पण आपल्या लोकांत तो जास्त करून तळपायाला, तळहाताला नाहीतर नखाखाली निघतो आणि तिथं उन्हाचा काही संबंध नसतो. तळपायावरचा डाग कापून काढला आणि जांघेतल्या सगळ्या गाठी काढल्या. ऑपरेशन चांगलं झालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच की पाय सुजू शकतो हे आधी कुणी म्हणजे कुणीच सांगितलं नाही.

तिसऱ्या महिन्यात संध्याकाळी चपलेचा पट्टा रुतायला लागला. विचारलं तर "होईल कमी". घरी येऊन मी माझाच टेप लावला, पोटरीत डावा पाय उजव्यापेक्षा साडेतीन सेंटीमीटर जास्त! पण पुढच्या वेळी डॉक्टर विचारतात, आधीपासूनच थोडा फरक असेल तर? आणि माझ्याकडे उत्तर नाही, कारण ऑपरेशनच्या आधी पायाचं माप कुणी घेतलंच नव्हतं, मीही नाही, आणि मी दिवसभर लोकांची मापंच घेत असते!

जांघेतल्या गाठी म्हणजे पायातून वर जाणाऱ्या पाण्याची, लिम्फची वाट. धानाच्या बांधीतून, म्हणजे शेतातून, पाणी काढायची वाट बुजवली तर पाणी बांधीतच तुंबणार, तसंच हे. त्याला लिम्फेडेमा म्हणतात. हे मला कळायच्या आधी मी सगळे उलटे उद्योग करून बसले होते, मीठ घालून गरम पाण्याचा शेक, मालिशवालीकडून तेल लावून जोरात रगडून घेणं, मेडिकलमधलं क्रेप बँडेज आवळून, आणि कुणीतरी दिलेल्या लघवीच्या गोळ्या. शेकाने सूज वाढते, रगडल्याने वाढते आणि गोळ्यांनी लघवी होते पण हे पाणी जात नाही.

शेवटी नागपुरात लिम्फेडेमाचं काम करणारी फिजिओथेरपिस्ट सापडली. तिने पहिल्यांदा डॉप्लर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, झालंय का विचारलं, कारण पाय अचानक सुजला किंवा दुखायला लागला तर शिरेत रक्ताची गाठ असू शकते, आणि कॅन्सर परत आलाय का तेही डॉक्टरांकडून बघून घ्यावं लागतं, लिम्फेडेमाच असेल म्हणून घरी बसायचं नाही. मग तीन आठवडे रोज हलक्या हाताने मसाज, इतका हलका की मला वाटलं पैसे वाया चालले, आणि त्यावर कमी ताणाच्या पट्ट्यांचे थरावर थर. पाय उतरला की लगेच माप घेऊन त्या मापाचा मोजा. हा मोजा म्हणजे शिंप्याचंच काम हो! सपाट विणलेला, मागे शिवण असलेला, घोट्याला दाब जास्त आणि वर जाईल तसा कमी. वरची कड दुमडायची नाही, नाहीतर तिथंच रबरबँड लावल्यासारखं होतं. सकाळी उठल्याबरोबर पाय फुगायच्या आत घालायचा, रात्री काढायचा, आणि सहा महिन्यांनी दाब उतरतो म्हणून नवीन घ्यायचा. एका पायाचा मोजा मला नऊ हजारांना पडला, तोही खिशातून.

आणखी एक गंमत. आजारपणात मुलाने मशीनला मोटर बसवून दिली होती, तर फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितलं मोटर काढा, मोजा घालून पायाने मशीन चालवा, मधे मधे उठा. घोटा हलला की पोटरी दाबली जाते आणि पाणी वर चढतं. मोटर आता माळ्यावर पडून आहे.

पावसाळ्याचं मात्र फार सांभाळावं लागतं. मागच्या वर्षी बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या, मी म्हटलं होतात सगळ्यांनाच, आणि तिसऱ्या रात्री हुडहुडी भरून ताप, पाय लालभडक नि गरम, पाच दिवस ॲडमिट. अशा पायात जंतू शिरले की झपाट्याने पसरतात आणि दर वेळी सूज थोडी वाढवूनच जातात. तेव्हापासून रोज साबणाने धुणं, बेचके कोरडे करणं, क्रीम लावणं, आणि नवरात्रात अनवाणी चालायचं मी सोडलं. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत.

भाच्याने इंटरनेटवरून वाचून दाखवलं की 2017 साली एक मोठा अभ्यास छापून आला, ज्यांच्या फक्त पहिल्या, तपासणीसाठी काढलेल्या गाठीत कॅन्सर सापडला त्यांच्या बाकीच्या सगळ्या गाठी काढून आयुष्य वाढलं नाही, पण लिम्फेडेमा मात्र 100 पैकी 24 जणांना झाला, आणि ज्यांच्यावर नुसतं सोनोग्राफी करत लक्ष ठेवलं त्यांच्यात 6 जणांना. माझी गाठ हाताला लागत होती त्यामुळे माझ्या गाठी काढाव्याच लागणार होत्या, पण ज्यांना अजून निवड आहे त्यांनी डॉक्टरांना हे विचारायला काय हरकत आहे?

माझं मागणं दोनच गोष्टींचं. गाठी काढायच्या आधी दोन्ही पायांची मापं, टाचेपासून दर दहा सेंटीमीटरवर, फाइलवर लिहा. आणि हत्तीरोगाच्या पेशंटला टब, मग, साबण, टॉवेल, मलम असं किट देऊन पाय धुवायला शिकवतात, त्या दिवशी आमच्यासारख्यांनाही शेवटच्या रांगेत बसू द्या, किट नको, शिकवा फक्त. पाय धुवायची पद्धत सारखीच आहे.

भंडाऱ्यात कुणाचं असं ऑपरेशन ठरलं असेल तर माप मी घेऊन देईन, पैसे नकोत, फक्त दुपारी दोन ते चार येऊ नका, तेव्हा पाय उशीवर असतो.

आपली,
एक शिवणकाम करणारी वाचक, भंडारा