रोजनिशीत ‘का’पेक्षा ‘काय’ लिहावे

रविवार पुरवणीतील आत्मपरीक्षणावरचा लेख आवडला. पण रोज रात्री ‘मी असा का वागलो?’ असे स्वतःला विचारावे, हा त्यातला सल्ला खटकला. आत्मचिंतन वेगळे आणि तेच ते मनात घोळवत बसणे वेगळे. ट्रॅपनेल आणि कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये एकाच प्रश्नावलीत या दोन प्रवृत्ती स्वतंत्रपणे मोजल्या: पहिली कुतूहलातून येते, दुसरी भीतीतून आणि सलातून. ‘का’ विचारले की मन सोयीची कारणे शोधते, नाहीतर स्वतःलाच दोष देत बसते. त्याऐवजी काय घडले, आपण नेमके काय बोललो, एवढेच दोन ओळींत टिपावे.

निवृत्तीनंतर मी हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारीच लिहितो. दोन महिन्यांची पाने उलटल्यावर दिसले, की माझी बहुतेक चिडचिड जेवणाला उशीर झालेल्या दिवसांची होती. (सौभाग्यवतींना हे आधीच ठाऊक होते!) ‘का’च्या मागे लागलो असतो, तर बालपणापर्यंत जाऊन रिकाम्या हाताने परतलो असतो. बेंजामिन फ्रँकलिनही १३ सद्गुणांच्या तक्त्यात चुकीपुढे फक्त काळा ठिपका मांडत असे.

– एक वाचक, सातारा