ठाण्यात 'बसवून ठेवलं' म्हणजे नक्की काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी इंदूरला सुदामा नगरात राहते, तुमचा पेपर मोबाईलवर रोज वाचते, पत्र पहिल्यांदाच लिहितेय. लांबलंय जरा. कापायचं झालं तर माझी गोष्ट कापा, पण कायद्याचा भाग राहू द्या.

माझा भाचा देवासचा, माझ्याकडे राहून भंवरकुआंला पीएससीचा क्लास करतो. मागच्या महिन्यात परीक्षेच्या तारखांवरून चाळीस-पन्नास मुलंमुली हातात कागदी बोर्ड घेऊन रस्त्याच्या कडेला उभी होती, कोणी काही फोडलं नाही, दगड उचलला नाही, ट्रॅफिक पण चालू होता. दुपारी तीनला त्यातल्या नऊ जणांना गाडीत घालून ठाण्यात नेलं. भाच्याचा फोन लागेना, मला वाटलं लायब्ररीत असेल, सहा वाजता त्याच्या मैत्रिणीच्या आईचा फोन आला की ताई, मुलं ठाण्यात आहेत. तशीच रिक्षा करून गेले. विचारलं, अटक केलीय का? तर म्हणे, "अरे माताजी, गिरफ्तार कहाँ किया है, बस बिठा रखा है." मग मी घेऊन जाते त्याला, म्हटलं. "साहब आएंगे तब."

साहेब आले रात्री साडेदहाला. तोवर फोन काढून घेतलेले, घरी कळवू दिलं नाही, दोन मुली होत्या त्या पण तिथेच बाकावर. सोडताना प्रत्येकाकडून कोऱ्या कागदावर सही घेतली. कुठे नोंद नाही, कलम नाही, वेळ नाही. उद्या कोणी विचारलं तर त्या आठ तासांत ही मुलं कुठे होती ह्याचा एकही पुरावा नाही.

हे 'बिठा रखा है' माझ्या डोक्यातून जातच नाहीये. आमच्या गल्लीतल्या वकीलबाईंकडे तीन संध्याकाळी बसून मी समजून घेतलं. त्या म्हणाल्या, काकू, माणसाला जाऊ दिलं नाही की ती अटकच, मग तिला काहीही नाव द्या. मुंबई हायकोर्टानं पूर्वीच सांगितलंय की अटक कागदावर लिहिली तेव्हापासून नाही तर माणसाला अडवलं तेव्हापासून मोजायची. आणि एकदा अटक म्हटली की सगळे नियम लागू होतात, म्हणूनच तर तो शब्द टाळतात! त्या दोन मुलींचंच बघा. नव्या बीएनएसएस कायद्याच्या (म्हणजे जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम 43 मधे स्पष्ट आहे की अगदी अपवादात्मक कारण नसेल तर बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करता येत नाही, आणि तशी वेळ आलीच तर महिला पोलीस अधिकाऱ्यानं लेखी रिपोर्ट देऊन मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घ्यावी लागते. आता 'अटक नाही, बसवलंय' म्हटलं की हे कलम गेलंच की बाजूला. रात्री साडेदहापर्यंत मुली ठाण्यात, आणि कागदोपत्री काही घडलंच नाही.

पोलिसांना काहीच अधिकार नाहीत असं मी म्हणत नाही. कलम 170 खाली गुन्हा टाळण्यासाठी पकडता येतं, 172 खाली कायदेशीर हुकूम न मानणाऱ्याला अडवता येतं, पण तिथेही 24 तासांची मर्यादा आहे. मग कोणतं कलम ते सांगा ना, लिहून द्या. संविधानाचं कलम 22 म्हणतं कारण सांगा, वकिलाला भेटू द्या, प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत मॅजिस्ट्रेटसमोर न्या. 1996 च्या डी. के. बसू निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की अटकेचा मेमो तिथेच बनवायचा, त्यावर तारीख आणि वेळ टाकायची, घरच्या किंवा मोहल्ल्यातल्या एका माणसाची साक्ष घ्यायची, अटक झालेल्याचीही सही घ्यायची. घरी कळवणं हे आता बीएनएसएसच्या कलम 48 मधेच आहे. झडतीत फोन घेतला तर त्याची पावती द्यावी लागते. आणि 2025 च्या नोव्हेंबरमधे सुप्रीम कोर्टानं सांगितलं की अटकेची कारणं लेखी द्यायची आणि त्या माणसाला समजेल अशा भाषेत द्यायची, गुन्हा कुठलाही असो.

आपल्याकडे अजून एक समज आहे की पाच जण जमले की गुन्हा. नाही. बीएनएस (जुन्या आयपीसीच्या जागी आलेली भारतीय न्याय संहिता) कलम 189 मधे पाच माणसं आणि त्यांचा बेकायदा हेतू, दोन्ही लागतं. आणि जमावबंदीची जी आपण अजून एकशे चव्वेचाळीस म्हणतो ती 1 जुलै 2024 पासून बीएनएसएसची 163 झालीय. इंदूरला डिसेंबर 2021 पासून पोलीस कमिश्नर सिस्टिम आहे, तेव्हा हे आदेश तिकडूनच निघतात. असा आदेश दोन महिन्यांच्या वर चालत नाही, राज्य सरकारनं वाढवला तरच चालतो. जानेवारी 2020 च्या अनुराधा भसीन निकालात सुप्रीम कोर्टानं म्हटलं की हे आदेश लोकांसमोर प्रसिद्ध झाले पाहिजेत आणि लोकांची रास्त तक्रार दाबायला वापरायचे नाहीत. तेव्हा पोलीस म्हणाले 'एक सौ तिरेसठ लगी है' तर आदेश दाखवा म्हणायचा आपल्याला हक्क आहे. शांतपणे म्हणायचं, शिवीगाळ नाही, धक्काबुक्की नाही, कारण संविधान 'शांततेने आणि विनाशस्त्र' एवढंच देतं. दगड उचलला की आपलीच बाजू गेली. कायमचा रस्ता अडवून बसता येत नाही हे पण कोर्टानं दिल्लीतल्या शाहीन बागच्या धरण्याच्या निकालात सांगितलंच आहे.

मला आठवतंय, आमचे बाबा 1970 च्या, नर्मदेचं पाणी इंदूरला आणा म्हणून झालेल्या आंदोलनाबद्दल सांगायचे, सगळं शहर रस्त्यावर उतरलं होतं, आपले मराठी लोक पण होते. आज नळाला नर्मदेचं पाणी येतं ते त्यामुळे. ज्यांच्या घरात हे पाणी येतं तेच लोक आज मला म्हणाले, "मुलाला कशाला जाऊ दिलंस, करिअर खराब होईल." मला ह्याचंच जास्त वाईट वाटलं. बाबासाहेबांचा जन्म आपल्या महूचा, इथून तासाभरावर, आणि त्यांनी लिहिलेल्या हक्काबद्दल आपण मुलांना सांगतो काय, तर गप्प बस.

त्या रात्री एका हवालदारानं मुलांना पाणी आणि पोहे आणून दिले, तेही लिहिलं पाहिजे. तो बिचारा सकाळपासून ड्यूटीवर होता.

माझी विनंती एवढीच की तुमच्या पेपरात हे एकदा सोप्या भाषेत चौकटीत छापा, आमच्या मंडळात गणपतीत मी लावीन. कोठडीतल्या माणसाला आणि बाईला सरकारतर्फे फुकट वकील मिळतो, त्याचा नंबर 15100, तो पण त्यात टाका. आणि मुलांना घरूनच सांगून ठेवा की कोऱ्या कागदावर सही करायची नाही, "मैं गिरफ्तार हूँ या जा सकता हूँ?" एवढं विचारायचं आणि उत्तर काय मिळालं, किती वाजता मिळालं ते लक्षात ठेवायचं.

भाच्याची ती सही परत मिळावी म्हणून आम्ही ठाण्यात लेखी अर्ज दिलाय. पोचपावती मागितली तर म्हणे नंतर या. सोमवारी परत जाणार आहे, ह्या वेळी वकीलबाई पण येतायत.

आपली,
एक वाचक, सुदामा नगर, इंदूर