आई-बाबांना, तिप्पट झालेल्या संपत्तीबद्दल

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवरचं बोलणं अर्ध्यावरच राहिलं. "तुला सगळेच पुढारी साधुसंत वाटतात," असं बाबा म्हणाले आणि मी गप्प बसले. ते राग म्हणून नव्हतं. त्या वेळी माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि फोनवर आपला दोघांचाही आवाज चढतो. म्हणून लिहिते आहे. आई, तू हे बाबांना वाचून दाखव, म्हणजे मधे थांबून बोलता येईल.

बाबा, तुम्ही घरच्या ग्रुपवर टाकलेली ती क्लिप मी नंतर थांबवत थांबवत चार वेळा पाहिली. तिच्यात तीन गोष्टी एकामागून एक येतात. खासदारांनी मतदान करून स्वतःचा पगार २४ टक्क्यांनी वाढवून घेतला. खासदार आयकर भरत नाहीत. आणि आपल्या खासदारांची संपत्ती पाच वर्षांत तिप्पट झाली. तिन्ही लाल अक्षरांत, तिन्हींमागे तेच संगीत, त्यामुळे तिन्ही सारख्याच खऱ्या वाटतात. पण एकेक सुटी करून पाहिली, तेव्हा तिघींची जात वेगवेगळी निघाली.

आयकराचं साफ खोटं आहे. खासदारांच्या पगारावर कर लागतो. ते कोणाचे नोकर नसल्यामुळे तो पगार 'इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न' या सदरात धरतात, एवढाच फरक. दैनिक भत्ता आणि मतदारसंघ भत्ता मात्र जुन्या करपद्धतीत करमुक्त आहेत, आणि अफवेचं मूळ बहुधा तिथेच असावं. दुसरंही एक मूळ आहे. उत्तर प्रदेशात १९८१च्या एका कायद्यामुळे मंत्र्यांचा आयकर सरकारी तिजोरीतून भरला जात होता. २०१९ मध्ये त्याची बातमी झाली आणि ती पद्धत बंद करावी लागली. एका राज्यातल्या मंत्र्यांची जुनी गोष्ट फिरत फिरत देशातल्या सगळ्या खासदारांना चिकटते, ती अशी.

पगारवाढीची गोष्ट मात्र मला जास्त महत्त्वाची वाटते. वाढ झाली हे खरं आहे. मार्च २०२५ मध्ये अधिसूचना निघाली आणि महिन्याचा पगार १,००,००० रुपयांवरून १,२४,००० रुपये झाला, तोही १ एप्रिल २०२३ पासून मागे जाऊन. पण त्या वर्षी यासाठी कोणी हात वर केला नाही. २०१८च्या वित्त कायद्यानेच ठरवून टाकलं होतं की दर पाच वर्षांनी पगार महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे आपोआप वाढेल. तो निर्देशांक २०१८-१९ मध्ये २८० होता, २०२३-२४ मध्ये ३४८ झाला. भागाकार करून बघा, २४ टक्केच येतात. पाच वर्षांत २४ म्हणजे वर्षाला साडेचार टक्क्यांच्या आतबाहेर. तुमच्या पेन्शनवरचा महागाई भत्ता वाढतो, तसाच काहीसा हा प्रकार.

मग चिडण्यासारखं काहीच नाही का? आहे. २०१८ मध्ये हाच पगार ५०,००० वरून एकदम १,००,००० झाला होता. ती तरतूद वित्त विधेयकात होती, आणि ते विधेयक लोकसभेत त्या वर्षी चर्चेविना, आवाजी मतदानाने मंजूर झालं. आवाजी मतदानात कोणी 'हो' म्हटलं आणि कोणी 'नाही', याची नावानिशी नोंद राहत नाही. म्हणून "अमुक खासदाराने स्वतःच्या पगारवाढीला मत दिलं" असं कोणी छातीठोक सांगू लागलं, की मी आधी विचारते, मतविभागणी, म्हणजे प्रत्येकाचं मत नोंदवणारं मतदान, झाली होती का? झाली नसेल, तर त्या एका माणसावर ठपका ठेवायला पुरावा नसतो. सगळ्या सभागृहाला मात्र विचारता येतं की स्वतःच्या पगाराचा विषय चर्चेविना कसा गेला. ती क्लिप हा प्रश्न विचारत नाही. त्यात सगळे पक्ष सापडतील, आणि क्लिप बनवणाऱ्याला एकाच माणसाला पाडायचं आहे.

दादा म्हणतो, त्याच्याकडे अमेरिकेत हाच आरोप दर निवडणुकीत ऐकू येतो. तिथेही १९८९च्या कायद्याने वाढ आपोआप होते आणि ती नको असेल तर मत देऊन अडवावी लागते. मग अडवण्याशी संबंधित एखाद्या तांत्रिक ठरावावरचं मत उचलायचं आणि "पगारवाढीला पाठिंबा दिला" अशी जाहिरात करायची. प्रत्यक्षात तिथल्या संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, सदस्यांचा पगार २००९ पासून १,७४,००० डॉलरवरच थांबलेला आहे.

आता तिप्पट संपत्ती. बाबा, तुमचा खरा राग याच्यावर आहे, आणि माझाही सगळा वेळ यातच गेला.

उमेदवाराने संपत्ती जाहीर करायची, हे आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३च्या निकालांमुळे सुरू झालं. अर्जासोबत नमुना २६ मधलं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं आणि ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतं. मी आपल्या खासदारांची दोन प्रतिज्ञापत्रं शेजारी शेजारी ठेवली, २०१९चं आणि २०२४चं. एकूण बेरीज खरोखरच तिप्पट आहे. क्लिपमधला आकडा चुकलेला नाही.

मग मी रकाने लावत बसले. वाढीतला अर्ध्याहून मोठा भाग एका शेतजमिनीचा निघाला. दोन्ही वेळी तोच गट नंबर, तेवढंच क्षेत्र, दोन्हीकडे 'वडिलोपार्जित' लिहिलेलं. बदलला तो फक्त 'अंदाजे चालू बाजारभाव' हा रकाना. त्यांनी एक गुंठाही नवा घेतलेला नाही, जमिनीचा भाव वाढला. दुसरा भाग त्यांच्या पत्नीच्या नावावरच्या फ्लॅटचा. तो क्लिपमध्ये धरलाय, पण त्यावरचं कर्ज पुढच्या पानावर 'दायित्वे' या सदरात आहे आणि ते कोणी वजा केलेलं नाही. देणं सोडून फक्त येणं मोजलं तर कोणीही श्रीमंत दिसेल.

हे सगळं काढून टाकल्यावरही एक रक्कम उरते. एका भागीदारी संस्थेतली गुंतवणूक, पाच वर्षांपूर्वी नव्हती, आता आहे. ती कुठून आली, हे मला कागदावरून कळलं नाही. पगाराशी ताडून पाहिलं. महिना १ लाख धरला तर पाच वर्षांचे ६० लाख होतात. त्यातून करोनाच्या वर्षी, एप्रिल २०२० पासून, वर्षभर ३० टक्के कपात झाली होती, ती वजा करा. मग कर, मग घरखर्च. त्यातून एवढी गुंतवणूक होणं मला अवघड दिसतं. कदाचित पत्नीच्या व्यवसायाचं उत्पन्न असेल, प्रतिज्ञापत्रात तिचीही पाच वर्षांच्या विवरणपत्रांमधली उत्पन्नं दिलेली आहेत आणि ती लहान नाहीत. म्हणजे बाबा, तुमचा संशय अगदीच निराधार नाही. पण विचारायचा प्रश्न एका ओळीचा आणि नेमका आहे, आणि क्लिपने तो 'तिप्पट'च्या ढिगाखाली पुरून टाकला.

हे करताना मला सारखं ते निनावी पत्र आठवत होतं.

मी तेव्हा आठवीत होते. तुमच्या ऑफिसात वरपर्यंत पत्र गेलं होतं, की या माणसाने अमुक पगारात घर बांधलं कसं. पगाराचा आकडा बरोबर होता. घराची किंमतही जवळपास बरोबर होती. पत्रात लिहिलेलं एकही वाक्य तसं खोटं नव्हतं. फक्त आजोबांनी जमिनीचा तुकडा विकून दिलेले पैसे त्यात नव्हते, आईने भविष्य निर्वाह निधीतून काढलेली रक्कम नव्हती, आणि पंधरा वर्षं फेडलेलं कर्ज नव्हतं. चौकशी चार महिने चालली. रात्री जेवणं झाली की तुम्ही हिशेबाच्या वह्या काढून बसायचात, आणि आई पावत्या तारखांप्रमाणे लावून द्यायची. चौकशीत काही निघालं नाही. पण समोरच्या घरचे लोक त्यानंतर कधी पूर्वीसारखे बोलले नाहीत, आणि तुम्ही त्यांच्याशी बोलायचं सोडलंत. मला तुमचं तेव्हाचं वाक्य आठवतं, "आकडा खरा आहे ना, मग लोक पुढचं विचारतच नाहीत."

खासदारांची आणि तुमची तुलना मी करत नाही. त्यांच्या हातात सत्ता आहे, लोकांचा पैसा आहे, त्यांना जास्त कडक प्रश्न विचारायलाच हवेत. पण हिशेब तपासायची रीत तुम्ही मला शिकवलीत, आणि ती न पटणाऱ्या माणसालाही तशीच लावावी असं मला मनापासून वाटतं.

चूक माझ्याही हातून झाली आहे. संसदेच्या कँटीनमधल्या सवलतीबद्दलचा एक मजकूर मी २०२३ मध्ये मैत्रिणींना पाठवला होता, फार संतापून. ती सवलत जानेवारी २०२१ मध्येच बंद झाली होती. मजकूर एके काळी खरा होता, मी पाठवला तेव्हा नव्हता. तेव्हापासून मी तारीख आधी शोधते. खासदार निधीचंही असंच. वर्षाला ५ कोटी "खासदाराला मिळतात" असं लिहून येतं, पण ते त्याच्या खात्यात जात नाहीत. तो कामं सुचवतो, खर्च जिल्हा प्रशासनामार्फत होतो. आणि "निधी वापरलाच नाही" असा आरोप आला तर वर्ष बघायला हवं, कारण एप्रिल २०२० ते नोव्हेंबर २०२१ ही योजनाच स्थगित होती.

टक्क्यांबद्दल एक सांगते, कारण शेजारच्या काकांनी ग्रुपवर "३०० टक्के वाढ" असं लिहिलं होतं. तिप्पट म्हणजे २०० टक्के वाढ. आणि समजा एखाद्या तरुण उमेदवाराकडे पहिल्या वेळी २ लाख होते आणि पुढच्या वेळी २० लाख झाले, तर ती ९०० टक्के वाढ होते. ऐकायला भयंकर, पण १८ लाखांचीच. दुसरीकडे १०० कोटींचे १३० कोटी झाले तर फक्त ३० टक्के, आणि ते ३० कोटी आहेत.

आई, आता तुझ्यासाठी. तुला ज्या उमेदवाराचा साधेपणा आवडतो, त्यांच्या नावावर घर नाही, गाडी नाही, अशी जाहिरात तू मला दाखवली होतीस. मी त्यांचंही प्रतिज्ञापत्र काढलं. त्यांच्या स्वतःच्या रकान्यात खरंच काही नाही. पत्नीच्या रकान्यात दोन सदनिका आणि एक गाडी आहे. यात बेकायदा काहीच नाही, तिची मिळकत तिची असू शकते. पण जाहिरातीने एकच रकाना दाखवला. आणि हा कागद दोन्ही बाजूंनी अपुरा पडतो हेही लक्षात ठेव. स्वतः, पती किंवा पत्नी, हिंदू अविभक्त कुटुंब आणि अवलंबून असलेली माणसं, एवढ्यांचंच त्यात येतं. कमावत्या मुलाच्या किंवा भावाच्या नावावर काय आहे ते त्यात दिसत नाही. निवडणूक अधिकारी त्यातले आकडे खरे आहेत का हे तपासत नाही, तो फक्त स्वीकारतो. खोटी माहिती दिली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो, पण त्यासाठी कोणीतरी तक्रार घेऊन मागे लागावं लागतं. म्हणून कागद स्वच्छ असला म्हणून मी लगेच कोणाला स्वच्छ म्हणत नाही.

क्लिप कोणी बनवली हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. तिच्यावर नावच नाही. छापील पत्रकावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता असणं त्याच कायद्याच्या कलम १२७अ प्रमाणे बंधनकारक आहे. फेसबुकवर पैसे देऊन केलेली राजकीय जाहिरात असेल तर तिचे पैसे कोणी दिले ते तिथल्या जाहिरात संग्रहात सापडतं. व्हॉट्सॲपवरून हातोहात आलेल्या क्लिपला ना मुद्रक, ना प्रकाशक. तिच्याखाली आम्हाला दिसलं ते एकच नाव, तुमचं. बाबा, मला त्याचंच वाईट वाटलं. ग्रुपमधल्या निम्म्या लोकांनी ती पुढे पाठवली, कारण ती तुम्ही पाठवली होती. आयुष्यभर हिशेब चोख ठेवलेल्या माणसाकडून आली म्हणजे खरीच असणार, असं त्यांना वाटलं.

मी साधू मानत नाही कोणाला. त्या भागीदारी संस्थेबद्दल खासदारांच्या कार्यालयाला पत्र लिहून विचारावं असं माझ्या मनात आहे. मजकूर तुम्ही करा. तुमच्यासारखं नेमकं सरकारी मराठी मला येत नाही. दोघांची प्रतिज्ञापत्रं, खासदारांची दोन्ही आणि आईच्या उमेदवारांचं एक, मोठ्या अक्षरांत छापून कुरिअरने पाठवली आहेत. दायित्वांच्या पानाला मी पिवळी पट्टी लावलीय. रविवारी सकाळी फोन करते, तोवर बाबांनी बेरजा तपासून ठेवाव्यात. जमिनीच्या क्षेत्राचं हेक्टर-आरचं रूपांतर मी एकटीने केलंय, ते मात्र एकदा नीट बघा.

आई, डोळ्यांचे थेंब वेळेवर घाल.

तुमची,
लेक