आकड्यांबरोबर स्पेक्ट्रमही जपा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

सणासुदीच्या तोंडावर दूधभेसळीच्या बातम्या आपण नेटाने छापता. त्यात 'अत्याधुनिक यंत्रावर अर्ध्या मिनिटात तपासणी' हे वाक्य हमखास असते. ते खरेही आहे. मात्र त्या अर्ध्या मिनिटात यंत्र काय काय टिपते आणि त्यातले किती आपल्यापर्यंत पोचते, हे कुठेच छापून येत नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत मी केमिस्ट होते. गर्बर, आरएम व्हॅल्यू, बीआर रीडिंग या दुधा-तुपाच्या स्निग्धांशाच्या चाचण्यांतच माझी हयात गेली. म्हणून एक मागणी करते. टँकरचे दूध तपासताना यंत्राने टिपलेला पूर्ण इन्फ्रारेड स्पेक्ट्रम (दुधाने कोणते किरण किती शोषले याचा आलेख) साठवला जावा, आणि दूध नाकारले तर तो ज्याचे दूध आहे त्याला दाखवला जावा.

इन्फ्रारेड किरण दुधाच्या केसाहून पातळ थरातून जातात, तेव्हा प्रत्येक घटक आपापल्या ठरलेल्या जागी ते शोषून घेतो. स्निग्धांशाची खूण 1745 वेव्हनंबरच्या (एका सेंटिमीटरमध्ये बसणाऱ्या तरंगांच्या संख्येच्या) आसपास उमटते, प्रथिनांची 1545 जवळ, लॅक्टोजची 1040 ते 1080 च्या पट्ट्यात. या सगळ्या खुणांचा मिळून जो आलेख होतो, तो स्पेक्ट्रम.

हा आलेख झटपट मिळावा म्हणून माणसांनी फार कष्ट घेतले आहेत. अमेरिकेत विल्यम कोब्लेंट्झ यांनी 1905 मध्ये शंभराहून अधिक पदार्थांचे स्पेक्ट्रम प्रसिद्ध केले, ते एकेक बिंदू मोजत. दुसऱ्या महायुद्धात ऑक्सफर्डचे थॉम्पसन आणि केंब्रिजचे सदरलँड यांनी पाडलेल्या जर्मन विमानांतले इंधन या पद्धतीने तपासले. 1946 मध्ये दोघांच्याही प्रयोगशाळांनी कॅथोड-रे ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर स्पेक्ट्रम उमटवून दाखवला. खरी अडचण किरणांची उष्णता टिपणाऱ्या भागाची, म्हणजे डिटेक्टरची होती. तो मंद असेल तर आलेख घाईने काढता येत नाही, शिखरे बसकी होतात आणि सरकतात. आमच्या शिकण्याच्या काळातही पेन चार्ट पेपरवरून सावकाश सरकायचे. आधी पॉलिस्टायरिन प्लास्टिकची फिल्म लावून 1601 ची रेघ जागेवर येते का ते पाहायचे आणि मगच नमुना ठेवायचा.

आजच्या एफटीआयआर (फूरिए ट्रान्सफॉर्म इन्फ्रारेड) यंत्राने ही वाटच बदलली. ते एकेका तरंगलांबीची वाट पाहत बसत नाही. प्रकाशाचे दोन भाग करते, एक भाग सरकत्या आरशावरून परत आणते आणि दोन्ही पुन्हा एकत्र करते. आरसा सरकतो तसा मिश्रणाचा जोर कमी-जास्त होतो, आणि त्या एकाच चढउतारात सगळ्या तरंगलांबींची माहिती एकदम असते. आरसा नेमका कुठे आहे, हे हेलियम-निऑन लेसर सांगत राहतो. मग गणिताने ती माहिती सुटी करायची. सगळे एकदम मोजण्याचा फायदा ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर फेलगेट यांनी आधीच दाखवून दिला होता. पण ते गणित आवाक्यात आले 1965 मध्ये कूली आणि टुकी या अमेरिकी गणितज्ञांची झटपट आकडेमोडीची रीत प्रसिद्ध झाल्यावर. आता आरशाच्या एका फेरीला सेकंदभर पुरतो.

आणि एवढे सगळे हाती आल्यावर आपण पडद्यावर काय पाहतो? फॅट, एसएनएफ (स्निग्धांश सोडून उरलेले घन घटक), प्रोटीन, लॅक्टोज. चार आकडे! बाकी आलेख बहुतेक ठिकाणी कोणी उघडतसुद्धा नाही.

आकडा फसतो, याचा सर्वांत दुःखद दाखला 2008 मधला चीनचा. तिथे दुधात मेलामाइन हे प्लास्टिक उद्योगातले रसायन मिसळले गेले. त्यात वजनाने दोन-तृतीयांश नायट्रोजन असतो, आणि प्रथिनांची रूढ चाचणी नायट्रोजनच मोजते. प्रथिनांचा आकडा छान आला; सुमारे 3 लाख बालके आजारी पडली, 6 दगावली. आपल्याकडच्या वनस्पती तेलाच्या भेसळीचेही तसेच आहे. तेलही स्निग्धच, त्यामुळे 1745 ची खूण तेही देते आणि फॅट 3.5 दिसते. फरक असतो तो आलेखाच्या इतर बारीक वळणांत.

आमच्याकडे असा एक टँकर आला होता. चारही आकडे नियमात होते. माझ्या हाताखालच्या मुलीने सवयीने आलेख उघडला आणि नेहमीच्या म्हशीच्या दुधाच्या आलेखावर ठेवला, तर 1000 ते 1150 च्या पट्ट्यात फुगवटा. एसएनएफ भरून काढायला माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली पूड, घातले होते. पुढच्या चाचण्यांत ते सिद्ध झाले. त्या मुलीचा मला आजही अभिमान वाटतो.

या यंत्राला सगळे दिसत नाही, हेही सांगायला हवे. अफ्लाटॉक्सिन (बुरशीचे विष) किंवा प्रतिजैविकांचे सूक्ष्म अंश त्याच्या टप्प्याबाहेर आहेत. आलेखावर संशय आला तरी शिक्का गॅस क्रोमॅटोग्राफीसारख्या, घटक वेगळे करून दाखवणाऱ्या चाचणीनेच मारायचा. गावच्या संकलन केंद्रावरची छोटी यंत्रे बहुधा अल्ट्रासॉनिक असतात, त्यांना स्पेक्ट्रम नसतोच. म्हणून माझी मागणी डेअरीच्या डॉकवरच्या (टँकर रिकामे होतात तिथल्या) यंत्रांपुरती आहे.

शेतकऱ्याच्या बाजूनेही हे गरजेचे आहे. आज त्याच्या संस्थेचे दूध परत गेले की हाती 'रिजेक्ट' एवढीच चिठ्ठी येते. चूक दुधात होती की यंत्राच्या कॅलिब्रेशनमध्ये (मोजमाप जुळवण्यात), हे तो कशावरून विचारणार? आलेख असला तर दुसऱ्या प्रयोगशाळेत दाखवता येईल.

खर्चाची सबब चालणार नाही. एका स्पेक्ट्रमची फाइल मोबाइलवरच्या फोटोपेक्षाही लहान असते. अन्न व औषध प्रशासन आणि दुग्धव्यवसाय विकास विभाग यांनी मिळून आदेश काढावा, की टँकर क्रमांक आणि वेळेसह प्रत्येक आलेख जपला जाईल. किती दिवस, हे दुधाच्या नव्हे तर पावडरीच्या हिशोबाने ठरवावे. त्याच दुधाची पावडर महिनोन्महिने बाजारात असते, तेव्हा तिची मुदत संपेपर्यंत तरी आलेख पुसू नयेत.

आपली,
एक निवृत्त डेअरी केमिस्ट, जि. सांगली