मेंटेनन्सचा गुरुवार आम्हाला परत द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चाकणला नवीन प्लांट येणार, तळेगावला इतक्या कोटींची गुंतवणूक होणार अशा बातम्या पेपरात सारख्या असतात आणि वाचून बरं पण वाटतं, पण जे कारखाने आधीपासून चालू आहेत त्यातल्या मशिनींचे काय हाल आहेत यावर कुठेच काही छापून येत नाही, म्हणून हे पत्र. मी भोसरी एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. छोट्या वर्कशॉपमध्ये काम केलंय आणि मोठ्या कंपन्यांना पार्ट पुरवणाऱ्या बऱ्यापैकी मोठ्या कारखान्यात पण केलंय. दोन्हीकडे रड एकच, मशीन बंद ठेवून काम करायला वेळच मिळत नाही.

आमच्याकडे गुरुवारी साप्ताहिक सुट्टी. हा दिवस म्हणजे मेंटेनन्सचा हक्काचा दिवस, ऑपरेटर घरी, लाइन बंद, कव्हर खोलून निवांत काम करता येतं. आता डिस्पॅच, म्हणजे माल पाठवायचं काम, अडकलं की पहिला बळी गुरुवारचा जातो, ओव्हरटाइम लावून लाइन चालवतात आणि पीएम म्हणजे प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स (मशीन बिघडायच्या आधीच करायची देखभाल) पुढच्या आठवड्यावर, मग त्याच्या पुढच्या. त्यात गुरुवारीच महावितरणचं काम निघालं की लाइट नसते, म्हणजे बेल्ट बदलता येतो, बेअरिंग टाकता येतं पण ट्रायल घेता येत नाही, आणि ट्रायल न घेता शुक्रवारी फर्स्ट शिफ्टला मशीन द्यायची आणि काही अडलं तर बोलणी मेंटेनन्सनेच खायची.

याचा परिणाम सगळ्यात आधी चेकशीटवर दिसतो. काम झालेलं नसतं पण टिक मारलेली असते, महिन्याच्या शेवटी एकाच पेनाने, एकाच बैठकीत तीस दिवसांच्या टिका. मी पोरांना दोष देत नाही, मशीन हातात न देता शीट मागितलं तर ते दुसरं काय करणार. गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्यांना आयएटीएफ १६९४९ हे क्वालिटीचं सर्टिफिकेट लागतं, त्यात टीपीएम (टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्स, म्हणजे ऑपरेटरसकट सगळ्यांनी मिळून मशीन सांभाळायची पद्धत) लिहून ठेवलेलं आहे, स्पेअर पार्टची उपलब्धता, दोन ब्रेकडाऊनमधला वेळ, दुरुस्तीला लागणारा वेळ, ओईई (मशीन खरोखर किती टक्के कामाला येते तो आकडा) सगळं मागतात. पण ऑडिटर कॉन्फरन्स रूममध्ये बसून फाइल बघतो, शॉपवर दहा मिनिटं चक्कर मारतो आणि जातो. फाइल चकाचक असते.

एका ठिकाणचं डोळ्यासमोर घडलेलं सांगतो, कारखान्याचं नाव घेत नाही. हायड्रॉलिक प्रेस होती, सिलिंडरच्या रॉड सीलमधून, म्हणजे तेल अडवणाऱ्या रिंगमधून, तेल झिरपत होतं. सील बदलायचं तर सिलिंडर उतरवायचा, म्हणजे एक शिफ्ट तरी प्रेस उभी. परवानगी मिळाली नाही. मग खाली ट्रे ठेवला आणि रोज कॅनने तेल टॉपअप करायचं ठरलं, जे थोडे दिवस नीट चाललं, मग कधी सेकंड शिफ्टवाला विसरला कधी थर्डवाला. टाकीतली लेव्हल सक्शनच्या, म्हणजे पंप तेल ओढतो त्या तोंडाच्या, खाली गेली की पंप हवा ओढतो, आवाज बदलतो, आत खडे फिरतायत असा आवाज येतो. आमच्यातल्या जुन्या फिटरने स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंपाच्या बॉडीवर टेकवून मूठ कानाला लावली आणि सांगितलं की हा गेला. तरी ती शिफ्ट काढायला लावली, कारण टार्गेट अपुरं होतं. पंप गेलाच, त्याचा झिजलेला कीस सगळ्या सर्किटमध्ये फिरला, व्हॉल्व्ह अडकायला लागले, टाकी उपसून लाइन फ्लश करावी लागली, नवा पंप मिळेपर्यंत प्रेस उभीच. सील काहीशे रुपयांचं होतं. जी एक शिफ्ट द्यायची तयारी नव्हती तिच्या कितीतरी पट वेळ गेला आणि वर कस्टमरकडून लाइन स्टॉपेजचा डेबिट आला, म्हणजे त्यांची लाइन थांबली त्याचे पैसे कापले, तो वेगळाच.

काम झालं तरी नीट होत नाही हे पण लिहायला पाहिजे. ग्रीसिंग म्हणजे गन लावून बाहेर येईपर्यंत दाबायचं अशी सगळीकडे समजूत आहे. बेअरिंगमध्ये जास्त ग्रीस भरलं तर ते आतल्याआत घुसळलं जाऊन तापतं आणि बेअरिंग लवकर जातं. आधी लिथियमचं ग्रीस असेल आणि त्यात पॉलियुरियाचं ग्रीस भरलं तर बरेचदा दोन्ही एकमेकांशी जुळत नाहीत, पातळ होऊन गळून जातात. स्टोअरमध्ये जो डबा असेल तो घ्यायचा ही पद्धत आहे. आयटीआयला मशीन टूल मेंटेनन्सचा वेगळा ट्रेड आहे, तिथून पोरं शिकून येतात, पण त्यांना पण आल्या आल्या लाइनवर लोडिंग अनलोडिंगला उभं करतात.

मशीन रोज सांभाळावी लागते हे जपानमध्ये लोकांनी फार पूर्वी ओळखलं. टोयोटाच्या गटातल्या निप्पॉनडेन्सोला १९७१ साली टीपीएमसाठी पारितोषिक मिळालं, त्यांचं म्हणणं होतं की रोजची साफसफाई, ऑइलिंग, बोल्ट टाइट करणं हे ऑपरेटरनेच करायचं आणि मेंटेनन्सवाल्यांनी अवघड कामं बघायची. त्यात पहिली पायरीच मशीन हाताने पुसून काढायची, कारण पुसताना लिकेज दिसतं, क्रॅक दिसते, ढिला बोल्ट हाताला लागतो. आपल्याकडे खंडेनवमीला हेच होतं की. मालकापासून हेल्परपर्यंत सगळे मशीन धुतात पुसतात, हार घालतात, आणि मी दरवर्षी बघतो की त्या दिवशी आमच्याकडे सगळ्यात जास्त तक्रारी येतात, इथून तेल येतंय, हा पाइप चिरलाय, हा गार्ड हलतोय. म्हणजे लोकांना दिसतं, फक्त बघायला वेळ दिला पाहिजे. शिफ्टच्या शेवटी पंधरा मिनिटं लाइन बंद करून ती ऑपरेटरला साफसफाईसाठी दिली तर निम्मे ब्रेकडाऊन आधीच पकडता येतील असं माझं स्पष्ट मत आहे.

ओईईचा आकडा पण लोक फुगवून लावतात. उपलब्धता ९० टक्के, वेग ९५ टक्के, क्वालिटी ९९ टक्के धरली तरी गुणाकार ८५ च्या आसपासच येतो, आणि हेच चांगल्या कारखान्याचं माप मानतात. मशीन दोन-दोन मिनिटं अडकते ते कुणी लिहितच नाही, मग बोर्डवर ९२ लिहिलेलं असतं आणि कस्टमरचा ट्रक गेटवर उभा.

मेंटेनन्स मागे ढकलणं हा फक्त पैशाचा प्रश्न नाही. १९८४ च्या डिसेंबरमध्ये भोपाळला वायू सुटला तेव्हा टाकी थंड ठेवणारं रेफ्रिजरेशन आधीच बंद ठेवलेलं होतं आणि सुटलेला वायू जाळून टाकणाऱ्या फ्लेअर टॉवरच्या पाइपचा तुकडा दुरुस्तीसाठी काढलेला होता. आमच्याकडे एवढा मोठा धोका नाही पण क्रेनचा ब्रेक आहे, प्रेसचा लाइट कर्टन (हात मध्ये आला की प्रेस थांबवणारा प्रकाशाचा पडदा) आहे, कंप्रेसरच्या टाकीचा सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टने लिफ्टिंगच्या सगळ्या मशिनी निदान १२ महिन्यांतून एकदा सक्षम माणसाकडून तपासायला सांगितल्या होत्या, तो फक्त सर्टिफिकेट फ्रेम करून लावायचा विषय नव्हता. लाइट कर्टन बायपास करून चालवलेल्या प्रेसवर बोटं गेलेली माणसं मी बघितलीत, त्यांना आज काम मिळत नाही.

म्हणून माझी विनंती पार्ट घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांना आहे, कारण छोटा मालक त्यांच्या शेड्यूलपुढे काही बोलू शकत नाही. महिन्याचं शेड्यूल देताना सप्लायरच्या मशिनींचा पीएमचा वेळ त्यातून आधी वजा करा आणि ऑर्डर तेवढीच द्या. आणि ऑडिटला याल तेव्हा फाइल नंतर बघा, आधी कुठल्याही एका मशीनचं कव्हर खोलायला सांगा.

आपला,
एक मेंटेनन्स फिटर, भोसरी